मेंढीचा वेगळा तुकडा

कुवेतला आधी बायको गेली आणि नवरा मागून गेला, असं पुंडलिक मेस्त्रीच्या घरी घडलं. कुडाळजवळच्या त्याच्या गावात लोकांनी ही गोष्ट पुष्कळ दिवस चघळली. शामला मुंबईत नर्सिंग शिकलेली. पंचाहत्तर साली तिला कुवेतच्या एका इस्पितळात नोकरी लागली आणि ती एकटीच विमानात बसली. दोन वर्षांनी तिनेच एका पेशंटच्या ओळखीने शुऐबा बंदरावरच्या एका कंत्राटदाराकडे नवऱ्याला चिकटवलं, त्याचा अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, काढून घेतला. पुंडलिक रंधा-पटाशीची पेटी घेऊन फहाहीलच्या एका खोली-स्वयंपाकघरात दाखल झाला.

मूलबाळ अजून नव्हतं. त्याचं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपायचं, तिची ड्युटी आज सकाळ तर उद्या संध्याकाळ. त्यामुळे चूल आपोआप त्याच्याकडे आली. गावात त्याने पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेतला नव्हता. पण सुताराचा हात, एकदा माप कळलं की चुकत नाही. बघता बघता त्याच्या हाताला चव आली. बाजारात पापलेटाला झुबैदी म्हणतात हे तो शिकला, कल्ला उघडून मासा ताजा आहे की नाही हे इराणी कोळ्याला ऐकवू लागला, गावाहून येणारी सोलं जपून वापरू लागला. शामला ड्युटीवरून यायची, बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायची आणि टोपावरचं झाकण उचलून वास घ्यायची. आपण बायकोच्या ओळखीने इथे आलो, तिचा पगार आपल्यापेक्षा मोठा, हे त्या एका क्षणात तो विसरायचा.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिने झाकण उचललं नाही. त्याने सुरमईची आमटी केली होती. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माका भूक नाय. उदयकडे जेवलंय."

उदय हा त्यांच्या इस्पितळातला एक्स-रे टेक्निशियन. पुण्याचा, चार वर्षं इंग्लंडात राहून आलेला, पस्तिशीचा आणि अजून एकटा. ड्युटी संपल्यावर त्याने चौघा-पाचजणांना घरी नेलं होतं. शामला अजून त्याच नवलात होती. मांसाचा बोटभर जाड तुकडा, त्याला नुसतं मीठ आणि मिरी, तापल्या तव्यावर इकडून थोडा, तिकडून थोडा, झालं स्टेक. दुसऱ्या चुलीवर पास्ता उकडलेला, त्यात लोणी, लसूण आणि डब्यातली साय. माणसं हात धुऊन बसेपर्यंत ताटं तयार. वाटण नाही, खोबरं नाही. आणि तुम्ही मात्र दोन-दोन तास चुलीपुढे उभे राहता, असं ती कौतुकाच्या भरात बोलून गेली.

पास्ता म्हणजे मॅकरोनीच ना, असं पुंडलिकने विचारलं. ती म्हणाली, तसलीच, पण लांब पट्ट्यांसारखी. मग त्याने जरा थांबून विचारलं की मांस कसलं होतं.

"ती लोकां गायीचा खातत," ती म्हणाली. "माझ्यासाठी तो मेंढयेचा वेगळा आणता."

ती अगदी सहज बोलली होती. पुंडलिकने आमटीवर झाकण ठेवलं आणि एकटाच जेवायला बसला. पाचजणांसाठी मांस आणताना एखादा माणूस एकीसाठी वेगळा तुकडा मागून घेतो. तो वेगळ्या कागदात बांधून घेतो, वेगळा भाजतो, कुठला कोणाचा ते लक्षात ठेवतो. एवढं कोणी कोणासाठी उगाच करतं का? आणि "आणता" म्हणाली, "आणल्यान" नाही. म्हणजे हे पहिल्यांदाच झालेलं नाही.

त्या दिवसापासून शामलाच्या बोलण्यात उदयचं नाव किती वेळा येतं इकडे त्याचे कान लागले. एकदा तिला विसरलेली छत्री द्यायचं निमित्त करून तो इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. कुवेतात छत्री लागते किती, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. शामला बाहेर आली ती उदयच्या गाडीतून. पुढच्या सीटवर एक जाडी मल्याळी सिस्टर होती, शामला आणि आणखी एकजण मागे. पाहून बरं वाटायला हवं होतं. पण गाडी थांबली, शामला खिडकीतून म्हणाली, "अरे, हे आलेत वाटतं!" आणि पुंडलिकच्या छातीत कळ गेली. घरात ती त्याच्याशी मालवणीत बोलायची. ही पुण्याची, गुळगुळीत मराठी तिने कोणासाठी शिकून घेतली होती? त्या मराठीत ती हसायचीही निराळी.

भांडण करावं तर धरायला काही नव्हतं. मग त्याने मनाशी ठरवलं की उदयच्याच पानावर उदयला हरवायचं.

शामला संध्याकाळच्या ड्युटीवर असताना त्याने पहिल्यांदा करून पाहिलं. खाटकाकडून मेंढीच्या रानाचे, म्हणजे मांडीचे, जाड तुकडे कापून घेतले, जमइयात, म्हणजे सहकारी दुकानात, पट्टीचा पास्ता आणि सायीचा डबा घेतला. मटण कच्चं राहील या धास्तीने त्याने तव्यावर झाकण घातलं आणि सवयीने शिजवत ठेवलं. तुकडा चपलेच्या तळासारखा झाला. सायीत थोडं आंबट हवं म्हणून लिंबू पिळलं, तर साय फाटली. हे सगळं त्याने एकट्याने खाल्लं, भांडी घासली आणि वास जावा म्हणून खिडकी उघडी टाकली.

दुसरा प्रयोगही तसाच गेला तेव्हा तो शेजारच्या ताहिराकडे गेला. ताहिरा रत्नागिरीकडची, कुवेतात पंधरा वर्षं काढलेली. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तवा धूर येईतो तापव, मांस टाकलं की त्याला हात लावू नकोस, झाकण तर नकोच. उतरवल्यावर थोडा वेळ तसंच पडू दे. साय अगदी शेवटी, आच मंद करून, आणि पास्त्याचं थोडं पाणी राखून ठेव, म्हणजे ती पट्टीला धरते. मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं की हा स्वयंपाक कोणाला खायला घालायचाय की कोणाला दाखवायचाय? पास्त्याचं पाणी किती राखायचं तेवढं विचारून पुंडलिक निघाला.

हात बसल्यावर त्याने शामलाला सांगितलं की शुक्रवारी उदयला जेवायला बोलाव. तिला इतका आनंद झाला की त्या आनंदाचाही त्याला राग आला.

उदय आला तो खजुराचा डबा घेऊन. उंच, किंचित वाकून चालणारा, बोलायला मऊ माणूस. पुंडलिकने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने दोघांना खोलीत बसवलं आणि स्वयंपाकघरात गेला. तवा तापला. मांस पडताच चर्र आवाज झाला आणि तो हात मागे बांधून उभा राहिला. पास्ता नेमका शिजला, साय रेशमासारखी पट्टीला चिकटली. बाहेरचं बोलणं एका विषयावरून दुसऱ्यावर जायच्या आत त्याने तीन ताटं आणून ठेवली. सुरी घातली तर मांस लोण्यासारखं कापलं गेलं.

उदयने पहिला घास घेऊन मनापासून सांगितलं की माझ्यापेक्षा सरस झालंय. शामला म्हणाली, "खरंच, छान झालंय." आणि मग तिने उदयला विचारलं की त्या नव्या मेट्रनने सुट्टीच्या अर्जाचं काय केलं. झालं, दोघं इस्पितळात शिरली. कोण मेट्रन, कुठला वॉर्ड, कोणाची खोड कशी मोडली. मधूनमधून उदय पुंडलिककडे वळून एखादी गोष्ट समजावून सांगायचा, जशी पाहुण्याला सांगतात. पुंडलिक आपल्याच घरात मान डोलवत बसला. त्याने सामना जिंकला होता आणि सामना चालू होता हेच कोणाला माहीत नव्हतं.

त्याने सुरी खाली ठेवली. शब्द जुळवून, शहरी मराठीत, तो म्हणाला, "आता बरं झालं. यापुढे माझ्या बायकोसाठी वेगळा तुकडा आणायचे कष्ट तुम्हाला नकोत."

शामलाचा हात ताटातच थांबला. उदयचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल. त्याने ताटातलं उरलेलं सावकाश संपवलं, पुंडलिकचे आभार मानले आणि निघून गेला.

शामलाने ताटं उचलली. नळ सोडला, बंद केला. मग दारात येऊन उभी राहिली.

"दोन वर्सां मी हय एकटी होतंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तेव्हा तुमका काय वाटला नाय. आता रोज तुमच्या डोळ्यांसमोर आसंय, आणि आता तुमका संशय येता?"

खरं उत्तर होतं, पण ते जिभेवर आणण्यासारखं नव्हतं. ती दोन वर्षं ती परदेशात होती आणि तो आपल्या गावात, आपल्या अंगणात, आपल्या कामाचा राजा होता. इथे तो फक्त शामला सिस्टरचा नवरा होता, आणि ज्याच्याकडे एकच वस्तू असते त्याला प्रत्येक माणूस चोर वाटतो.

त्यानंतर शामलाची ने-आण करणारी उदयची गाडी फहाहीलच्या त्यांच्या वळणावर थांबेनाशी झाली. शामलाने कारण विचारलं नाही, बसने जाऊ-येऊ लागली. घरात बोलणं कामापुरतं उरलं. पुंडलिकने मासे केले तर ती खायची, पण झाकण उचलायला यायची नाही. आपल्याला हवं होतं तेच तर झालं, असं तो स्वतःला समजावायचा. मग उन्हाळा आला. तिथला उन्हाळा म्हणजे दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नाही. एके दिवशी शामला बसथांब्यावर चक्कर येऊन खाली बसली. ताहिराच्या नवऱ्याने तिला ओळखून टॅक्सीत घालून घरी आणलं. पुंडलिकने तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ती डोळे मिटून होती, पण तिने त्याचा हात बाजूला केला नाही, एवढंच.

पुढच्या शुक्रवारी तो उदयच्या घराचे जिने चढला. माफी कशी मागायची याचे शब्द वाटभर घोळवले होते, दार उघडताच ते विसरला. तेव्हा जे आलं ते बोलला. माझं चुकलं, बायकोला उन्हात त्रास होतो, पूर्वीसारखी गाडी थांबवा.

उदयने त्याला आत घेतलं, चहा टाकला. कप पुढे ठेवला आणि समोर बसून म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही उगाच माफी मागताय. माझ्या मनात होतं."

पुंडलिकने कप उचलला.

"तिच्या मनात काही नव्हतं. तिला कळलंसुद्धा नसेल. तुम्ही त्या दिवशी बोललात तेव्हा मला राग नाही आला, चोरी पकडली गेल्यासारखं झालं. म्हणून गाडी बंद केली. आता मी शहरातल्या इस्पितळात बदली मागितली आहे. तिकडेच खैतानला खोलीही पाहिली."

कितीतरी संध्याकाळी पुंडलिकने हेच शब्द मनात ऐकले होते. ते खरे निघाले तर आपण काय करू, कॉलर कशी धरू, हेही पाहून ठेवलं होतं. आता कप दोन्ही हातांत धरून तो बसून राहिला. आपला संशय खरा होता, याचा आनंद कुठेच सापडेना. उलट त्याला एक नवाच मत्सर वाटला. हा माणूस समोर बसून, नजर न चुकवता, असं बोलू शकतो. आपल्याला हे जन्मात जमलं नसतं. शामलाने जर कधी या दोन माणसांना शेजारी उभं करून पाहिलं तर?

तो चहा पिऊन उठला. दाराशी उदयने हात पुढे केला, तो त्याने धरला.

घरी आल्यावर शामलाने विचारलं, "काय म्हणालो तो?"

"काय नाय," पुंडलिक म्हणाला. "चाय दिल्यान. शहरातल्या इस्पितळात चल्लो म्हणता."

हे सांगताना तो तिचा चेहरा पाहत होता. ती क्षणभर थांबली, मग बरं झालं, तिकडे पगारही जास्त आहे असं काहीसं म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. त्या क्षणभरात काय होतं ते त्याला कळलं नाही. ओळखीचा माणूस दूर जातो म्हणून वाटतं तेवढंच होतं, की आणखी काही, हे त्याने पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. तिला मात्र कधी विचारलं नाही, आणि उदय काय बोलला तेही कधी सांगितलं नाही. सांगितलं तर उदय तिच्या नजरेत मोठा होईल ही एक भीती. दुसरी भीती अशी की तिला ते आधीपासूनच ठाऊक असेल.

उदय दोन वर्षांनी कुवेत सोडून गेला. पुंडलिकने तोवर एक काम केलं होतं. गाडी चालवायला शिकला. परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा लायसन्स मिळालं, आणि एक जुनी, दाराला गंज चढलेली जपानी गाडी घेतली. शुऐब्याहून सुटला की तो थेट इस्पितळाच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. ड्युटी सुटायला वेळ असला तरी थांबायचा. सिस्टरांचा घोळका बाहेर पडायचा, त्यात कधी एखादा नवा डॉक्टर, कधी लॅबमधला कोणी असायचा. शामला त्यांच्यात काहीतरी बोलत, त्या निराळ्या हसण्याने हसत यायची. पुंडलिकच्या छातीत ती जुनी कळ उठायची. तो हात लांब करून आतून तिच्या बाजूचं दार उघडायचा.