खेळाच्या तासाला न धावणारी मुलगी

पोलिसातल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण एक घटना अजूनही मनातून जात नाही.

मी तेव्हा आमगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, एक मास्तर मघापासून फाटकाशी उभा आहे. बोलावलं तर येत नाही." खरी खबर आणणारा माणूस बहुधा असाच घुटमळतो. मी स्वतः जाऊन त्याला आत आणलं.

तो जवळच्याच गावातला क्रीडाशिक्षक. मुलांना होणारी मारहाण कशी ओळखावी, याचं प्रशिक्षण नुकतंच घेऊन आला होता. त्याच्या वर्गातली एक मुलगी कबड्डीत सगळ्यांत चपळ. पण हल्ली ती धावत नव्हती. मागून कोणी हात लावला की डोकं झाकून खाली बसायची.

"खेळताना पडलं की गुडघे, कोपर, तळहात सोलतात, साहेब. हिच्या दंडाला आतून आणि पोटऱ्यांवर मागून वळ आहेत. आज बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, 'पडली जी, सर. घरी नोका सांगू.'"

"मग?"

"म्हटलं, घरी सांगणार नाही, पण तुला मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल." तो थांबला. "तिच्या बापाचं गावात वजन आहे, साहेब. माझंही घर तिथंच आहे."

इतक्यात त्याचा फोन वाजला. शाळेतून होता. मुलगी मास्तरशी बोलली हे कोणीतरी बापाला सांगितलं होतं. तो शाळेत येऊन तिला घेऊन गेला होता.

स्टेशन डायरीत नोंद केली, बालसंरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं आणि महिला हवालदाराला व मास्तरला घेऊन निघालो.

दार आतून बंद. आत टीव्ही मोठ्यानं लागलेला. समोरच्या ओसरीवर धान पाखडणाऱ्या बायांनी आम्हाला पाहून माना खाली घातल्या. मी दार वाजवलं. टीव्ही बंद झाला आणि मग काहीच ऐकू येईना. त्या शांततेत मनात जे जे येऊन गेलं, ते आजही लिहवत नाही.

बापानं हसतच दार उघडलं. "या साहेब! काऊन येणं केलं? चाय घ्या."

"मुलगी कुठे आहे?"

"आत बसली हाय जी. आज कबड्डीत पडली, म्हणून आणली घरी."

मास्तर पुढे झाला. "आज मी तिला मैदानात उतरवलंच नव्हतं."

बापाचं हसू मावळलं. "मास्तर, तुले याच गावात राहाचं हाय ना?"

मी बापाला ओसरीवर बसवलं. हवालदारबाई आत गेल्या. अशा वेळी जबाब वेगवेगळेच घ्यावेत. मारणारा समोर असला की भेदरलेला माणूस त्याचंच म्हणणं बोलतो.

आत मुलगी कोपऱ्यात आणि तिच्या पुढे आई. आईचं एकच, "पडली जी." बाईंनी विचारणं थांबवून मुलीला पाणी दिलं. तिच्या हातून पेला निसटला. तो खणकन वाजताच तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. आईनं ते पाहिलं आणि पदर सरकवून स्वतःच्या खांद्यावरचे वळ दाखवले.

"मले राहू द्या इथं. पन पोरीले न्या. त्यानं सळई तापवाले ठेवली हाय."

बाईंनी मला हाक मारली. चुलीत सळई होती. लाल झालेली.

पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. ग्रामीण रुग्णालयातल्या तपासणीत मुलीच्या अंगावर जुन्या जखमाही निघाल्या. बालकल्याण समितीच्या आदेशानं मुलगी दवनीवाड्याला मामाकडे गेली. आईही सोबत गेली. बापाला शिक्षा झाली. मास्तरशी गावातले बरेच जण पुढे कितीतरी दिवस बोलत नव्हते. तो तिथंच राहिला.

मार खाणारं मूल ठाण्याची पायरी चढत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. मैदानात मात्र ते रोज येतं. म्हणून आता क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावलं की मी जातोच. "आमचा संशय चुकला तर?" असं कोणीतरी हमखास विचारतं. मी सांगतो, चुकला तर पोलीस चौकशी करून परत जातील. बरोबर असला आणि तुम्ही गप्प बसलात, तर मात्र त्या घरात कोणीच जाणार नाही.

परवा हे बोलून व्यासपीठावरून खाली उतरलो, तर मागच्या रांगेतली एक तरुण शिक्षिका दाराशी उभी होती.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या वर्गात एक मुलगा आहे."

मी खुर्ची ओढून तिला बसवलं.