पैसे भरून केलेली संत्र्याची तोड

'एक दिवस शेतकऱ्याचा' ही जाहिरात मोबाईलवर दिसली आणि पुण्याच्या एसीत बसल्या बसल्या माझ्या अंगात शेतकरी संचारला. शेतात राबायचे दीड हजार मी आगाऊ भरले. डिसेंबरात नागपूर गाठलं, तिथून पॅसेंजरने पांढुर्णा. जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि स्वेटर विसरू नका.

बागेचे मालक राजूभाऊ स्टेशनवर न्यायला आले. तिगावच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग. आम्ही सात पाहुणे होतो. प्रत्येकाला टोपली आणि फोटोपुरती गवती टोपी मिळाली. मग आम्ही दुपारपर्यंत संत्री ओढली. हो, ओढलीच. कुंपणापाशी डबा घेऊन उभी असलेली एक बाई शेवटी न राहवून आत आली.

"ओढू नका ना ताई! देठापाशी भोक पडते, मंग फळ सडते. असं मुरडा." तिने हलकी मुरड दिली आणि फळ देठासकट तिच्या हातात आलं.

ही वनिताबाई. बारा वर्षं याच बागेत तोडीला येते. मी विचारलं, "मग आज तुम्ही का नाही तोडत?"

"तुमी तोडून राहिल्या ना! पाहुणे असले का आमाले सुट्टी. बिनपगारी." ती हसली. "भाऊनं सभेत सांगतलं होतं, पर्यटन आलं का गावात रोजगार येईन. आला ना. तुमाले भेटला."

म्हणजे तिची रोजी बुडवायचे पैसे मी भरले होते. मला लाज वाटली. तरी जेवणात पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर दोनदा मागून घेतली, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सौंसर बघायला निघाले, तर बसमध्ये वनिताबाई शेजारीच भेटली. आठवड्यातले तीन दिवस बाग पाहुण्यांची, म्हणून ती कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीत काम शोधायला निघाली होती. मीही तिच्यासोबत उतरले आणि गिरणीच्या फाटकाबाहेर थांबले. ती पाच मिनिटांत परतली. नवी मशीन आली होती, बाया नको होत्या. स्टँडवर चहा घेतला तर पैसे तिनेच दिले. "तुमी पाहुण्या," म्हणाली.

पुण्यात परतल्यावर राजूभाऊंनी अभिप्राय मागितला. मी पोटतिडकीने लिहिलं: पाहुणे असतील त्या दिवशीही वनिताबाईंना बोलवा, खरं काम त्यांनाच येतं. लिहून झाल्यावर मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी राजूभाऊंचा फोन. "ताई, तुमची आयडिया एक नंबर! 'वनिताबाईसोबत तोड शिका', दोनशे एक्स्ट्रा. बुकिंग फुल्ल हाय!"

"वा! म्हणजे त्यांना रोजी सुरू झाली."

"रोजी कायची ताई?" राजूभाऊंना खरंच नवल वाटलं होतं. "वनिताबाई तोडून कुठं राहिली? शिकवून राहिली."