सदर गाय

मी आयुष्यभर उत्तरं लिहिली. माझी नाहीत, मुख्यमंत्र्यांची. आमदार विधानसभेत प्रश्न विचारतात, मुख्यमंत्री उत्तर देतात, आणि त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी, मंत्रालयातल्या एका टेबलामागे माझ्यासारखा एक जण बसलेला असतो. आमचं पशुसंवर्धन खातं मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. कुणाला मिळालं नाही की कुणी घेतलं नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

या धंद्याची भाषा अगदी थोडकी. अमुक पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर त्याहून थोडकं. बहुतेक वेळा ‘हे खरे नाही’ आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’. अगदीच अंगाशी आलं तर ‘हे अंशतः खरे आहे’. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोने “दळण आणलंत का?” म्हणून विचारलं तर मी “अंशतः” म्हणायचो. म्हणजे गिरणीपर्यंत गेलो होतो, गिरणी बंद होती.

एक मात्र सांगून ठेवतो. छापील उत्तरात सहसा कुणी पकडला जात नाही. पकडला जातो तो पूरक प्रश्नात. उत्तर हातात पडल्यावर आमदार उभा राहतो आणि साध्या आवाजात विचारतो, “मग असं असेल तर...” तिथे भल्याभल्यांची विकेट जाते.

तर गोष्ट नाताळच्या आठवड्यातली. आम्ही विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेलो त्याला बरीच वर्षं झाली. जवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या जुन्या वाडीत आता काकीच असते. केळी, नारळ आणि एक गाय. मी सुट्टीत केळी आणायला गेलो. शेजारच्या घरांवर चांदण्या टांगलेल्या, सगळीकडे मजेचं वातावरण, आणि काकी गोठ्याच्या दाराशी तोंड पाडून बसलेली. काकी आमच्या घरच्या बोलीत बोलते. ती इथे उतरवली तर निम्म्या वाचकांना कळणार नाही, म्हणून सरळ करून लिहितो.

“गाय गाभण आहे,” ती म्हणाली.

“मग चांगलंच आहे की.”

“काय चांगलं? मागच्या खेपेला वासरू आडवं आलं. दवाखान्यात माणूस पाठवला, तर डॉक्टर नाही. वासरू गेलं. ही पण जायची, थोडक्यात वाचली. आता पाडव्याच्या सुमाराला व्यायची आहे, आणि डॉक्टर अजून नाहीच.”

जवळचा गुरांचा दवाखाना मी पाहिलेला होता. डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे इथला अतिरिक्त कार्यभार होता. त्यांचा इथला वार ठरलेला, तोही ते कधीतरीच पाळायचे. एरवी दाराशी खडूने लिहिलेलं असायचं, ‘डॉक्टर दौऱ्यावर आहेत’.

“तू मंत्रालयात आहेस ना रे?” काकी म्हणाली. “दिवसभर करतोस काय तिथे?”

मी म्हटलं, “कागद दे. आमदारांच्या ऑफिसात द्यायला अर्ज लिहून देतो.”

इथे माझी पहिली चूक. अर्ज म्हणजे ‘कृपया डॉक्टर द्यावा’, एवढं पुरे होतं. पण हाताला वळण एकच. ओट्यावर बसून मी काकीचा अर्ज थेट तारांकित प्रश्नाच्या साच्यात लिहिला. ‘पद रिक्त आहे, हे खरे आहे काय’पासून ‘विलंबाची कारणे’पर्यंत. आणि अंगात लेखक संचारल्यामुळे मध्ये एक कलम घातलं: ‘असल्यास, नजीकच्या काळात व्यायला आलेल्या गाईंच्या बाबतीत शासनाने कोणती उपाययोजना केली वा करण्यात येत आहे?’ काकीला वाचून दाखवलं.

“आणि हे पण लिही,” ती म्हणाली. “आज डॉक्टरचा वार नाही, हे माझ्या गाईला कळतं काय?”

तेही लिहिलं. काकीने सही केली, अर्ज आगाशीच्या बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून आमदारांच्या ऑफिसात पोचवला, आणि मी केळ्यांचा लोंगर घेऊन घरी आलो. विषय माझ्या डोक्यातून साफ गेला.

अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं की आमच्याकडे प्रश्नांचा पाऊस असतो. एक प्रश्न पालघर जिल्ह्याचा होता. मी वरचं पहिलं कलम तेवढं वाचलं, खालून आलेला अहवाल वाचला. अहवाल म्हणत होता की पद रिक्त नाही, अतिरिक्त कार्यभार सोपवलेला आहे, दवाखाना नियमित सुरू आहे. झालं. मी लिहिलं: (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. सही केली, फाईल वर पाठवली आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी उपसचिव मॅडमनी बोलावलं. ऑफिसात मला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे ‘विरार’ म्हणत.

“विरार, या. हा प्रश्न कुणी लिहिलाय हो? आमदारांना चांगला माणूस मिळालेला दिसतोय. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ऐका.” आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘नजीकच्या काळात व्यायला आलेल्या गाईंच्या बाबतीत...’”

ते कलम माझंच होतं. आपलं स्वतःचं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत ओळखू आलं नव्हतं. वर त्याला मीच ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळा झालो होतो.

“मॅडम,” मी म्हटलं, “हे खरं आहे.”

“काय खरं आहे?”

“प्रश्न. डॉक्टर नाहीच आहे तिथे. मी बघितलंय.”

“मग उत्तरात ‘खरे नाही’ कोणी लिहिलं?”

“मी.”

“आणि प्रश्न?”

मी छताकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे प्रश्नही तुमचा, उत्तरही तुमचं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.”

“होय, मॅडम.”

“सरकारी नोकराने आपलं गाऱ्हाणं आमदारांकडे न्यायचं नसतं, नियम ठाऊक आहे ना?”

“गाऱ्हाणं माझं नाही. गाईचं आहे.”

त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबायला त्यांना पाणी प्यावं लागलं. मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी प्रश्न लिहिलात, तर उत्तर तरी दुसऱ्या कुणाला लिहू द्या. जिल्ह्याला फोन लावा.”

लावला. तिकडचे अधिकारी म्हणाले, “साहेब, रेकॉर्डप्रमाणे पद भरलेलंच आहे.”

“अहो, मी त्या दारात उभा राहून खडूची अक्षरं वाचलीत.”

“ती दौऱ्याची आहेत, साहेब.”

“दौरा संपतो कधी?”

“बघून कळवतो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. शेवटी नवा अहवाल आला आणि उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’ एवढ्यावर आलं. मुख्यमंत्र्यांनी सही केली. माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. काकीच्या गाईच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं, कारण अंशतः खऱ्या उत्तराने वासरू सरळ होत नाही.

सभागृहात तो प्रश्न पुकारला गेला, तेव्हा मी आणि मॅडम अधिकाऱ्यांच्या गॅलरीत होतो. गॅलरीत आमचं काम चिठ्ठ्यांचं. मुख्यमंत्र्यांना एखादी माहिती हवी असली की आम्ही चिठ्ठी लिहितो आणि शिपाई ती खाली नेऊन देतो. माझ्या हातात एक चिठ्ठी तयार होती: जिल्ह्यातली मंजूर पदं, भरलेली पदं, सगळं नीट. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, “नक्की कधी व्यायची आहे हो गाय?” गॅलरीत बोलायचं नसतं, म्हणून मी दुसऱ्या कागदावर लिहिलं, ‘सदर गाय गुढीपाडव्याच्या सुमारास व्यायची आहे.’

खाली आमदार उठले. “अध्यक्ष महोदय, अतिरिक्त कार्यभार म्हणजे डॉक्टर ठरावीक वारी येणार. आज डॉक्टरचा वार नाही, हे त्या गाईला कळतं काय?”

काकी थेट विधानसभेत! मी इतका हरखलो की शिपायाने हात पुढे केला तेव्हा त्याच्या हातावर चिठ्ठी ठेवली आणि दुसरी मॅडमना दिली. मॅडमनी ती पाहिली. मंजूर पदं, भरलेली पदं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी निवृत्त झालो तरी विसरलेलो नाही. शिपाई पायऱ्या उतरून गेला होता.

मुख्यमंत्र्यांनी चिठ्ठी उलगडली. वाचली. पुन्हा वाचली. मग शांतपणे म्हणाले, “अध्यक्ष महोदय, अधिकाऱ्यांकडून मला आत्ताच फार बारकाईची माहिती मिळाली आहे. सदर गाय गुढीपाडव्याच्या सुमारास व्यायची आहे.”

सभागृहात जो हशा उसळला तो दोन्ही बाकांवरून. मी खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितका सरकलो. आमदारही हसत होते, पण माणूस तयारीचा. हशा ओसरू दिला आणि साध्या आवाजात म्हणाले, “मग त्याआधी डॉक्टर देणार का?”

पूरक प्रश्न. मुख्यमंत्र्यांनी पुन्हा एकदा चिठ्ठीकडे पाहिलं.

“देऊ,” ते म्हणाले.

सभागृहात दिलेला शब्द म्हणजे आश्वासन, आणि आश्वासनाची स्वतंत्र फाईल निघते. ती निघाली. तिच्यात मुदतीच्या रकान्यात मुख्यमंत्र्यांच्या शब्दाला धरून लिहिलेलं होतं, ‘सदर गाय व्यायच्या आत’. फाईल जिथे जाईल तिथून मला फोन. “सदर गाय कुणाची?” “सदर गाईची आजची स्थिती काय?” आणि जिल्ह्याचे तेच अधिकारी, आता एकदम घरच्यासारखे: “साहेब, व्याली नाही ना अजून? जरा थांबायला सांगा.”

मी काकीला फोन करून विचारायचो. ती वैतागली. “माझ्या बाळंतपणात कुणी इतकी चौकशी केली नव्हती.”

पाडव्याच्या आधी डॉक्टर आल्या. तरुण बाई, पूर्णवेळ नेमणूक, याच दवाखान्यावर. दारावरचा खडू पुसला गेला. त्यानंतर आठवड्याभरात, रविवारी सकाळी काकीचा फोन आला आणि मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा डॉक्टर गोठ्यात होत्या. वासराचा पुढचा एक पाय मागे दुमडलेला होता. मी मदत म्हणून पाण्याची बादली उचलली आणि ती गोठ्याच्या दारातच सांडली.

“तू बाहेर बस,” काकी म्हणाली. “मंत्रालयात बसतोस तसा.”

बसलो. बऱ्याच वेळाने आत काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला, आणि मग काकीचा, “उठली बघ, उठली!” कालवड होती. गाय तिला चाटत होती. काकी पदराने डोळे पुसत होती आणि डॉक्टरबाई नळावर कोपरापर्यंत हात धूत होत्या.

सोमवारी आश्वासनाच्या फाईलवर मी लिहिलं, ‘पद भरण्यात आले आहे. सदर गाय व्याली असून गाय व कालवड सुखरूप आहेत.’ दुसरं वाक्य मॅडम कापतील असं वाटलं होतं. त्यांनी खाली सही केली.

त्याच आठवड्यात काकीने चिकाचा खरवस करून स्टीलच्या डब्यात दिला. “मुख्यमंत्र्यांना दे,” म्हणाली. मी डबा टेबलावर ठेवून फाईल घेऊन वर गेलो. परत आलो तर आमचा सगळा कक्ष डब्याभोवती उभा, मध्ये मॅडम, आणि डबा आतून चकचकीत. माझ्यासाठी वास तेवढा उरला होता.

रविवारी डबा परत करायला गेलो. काकी कालवडीला खरारा करत होती.

“पोचवलास मुख्यमंत्र्यांना?”

आयुष्यभर अंशतः लिहिणारा मी, सरळ म्हणालो, “होय.”

“आवडला त्यांना?”

“खूप आवडला.”

काकीने हात थांबवला नाही. “साखर जास्त नव्हती ना झाली?”

“छे. अगदी बेताची होती.”

“गुळाचा होता,” काकी म्हणाली.