शंकररावांची अट

गेला महिनाभर मी माझ्या बाबांशी बोललेले नाही. एकाच घरात राहतो, एकाच कुकरचा भात खातो, पण बोलत नाही. आणि लिहायला बसले तर त्यांच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

माझे बाबा, शंकरराव रामटेके, यांचा डावा डोळा काचेचा आहे. नागपूरच्या गिरणीत ते युनियनचे पुढारी होते. संप चिघळला, घराघरात चुली थंड पडल्या, तेव्हा त्यांनी मालकाशी तह केला. सही करून गेटबाहेर आले आणि पहिला दगड आपल्याच माणसाचा बसला. कोणाचा, ते त्यांनी पाहिलं होतं. आपलाच आहे म्हणून पोलिसांना नाव सांगितलं नाही. पुढे त्याच माणसाने बाबांच्या जोडीदाराला, वामनकाकांना, चहाच्या टपरीवर भोसकलं. ही गोष्ट सांगताना बाबा रडत नाहीत. चिडतात, तेही स्वतःवर.

आई गेल्यावर मी त्यांना अमेरिकेत, फ्रीमाँटला माझ्याकडे आणलं. वाटलं, म्हातारा माणूस, तळ्याभोवती फिरेल, रविवारी बुद्धवंदनेला येईल. कसलं काय! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

आमच्या टाउनहाउसच्या रांगेत एका टोकाला एलाद राहतो. इस्रायली, सायकली दुरुस्त करण्याचं दुकान आहे त्याचं. दुसऱ्या टोकाला बसाम, पॅलेस्टिनी, दातांचा डॉक्टर. एलादचा भाचा ऑक्टोबरच्या त्या हल्ल्यात मारला गेला. बसामची बहीण मुलांसकट गाझात घराखाली गाडली गेली. दोघं एकमेकांना पाहून फुटपाथ बदलायचे. बाबा सकाळी एकाबरोबर फिरायचे, संध्याकाळी दुसऱ्याबरोबर. इंग्लिश मोडकं, पण चिकाटी गिरणीतली.

शेवटी दोघांना त्यांनी आमच्या डायनिंग टेबलवर बसवलं. गावच्या कौन्सिलपुढे ठराव न्यायचा: युद्ध थांबवा, ओलीस सोडा, दोन्ही एकाच वाक्यात. त्या एका वाक्यापायी मी चहा करून करून थकले. भांडण शब्दांचं नव्हतंच. एलाद म्हणायचा, “आमचं तिकडचं सरकार मूठभर कडव्या लोकांच्या मतांवर टिकून आहे, ते कसा तह करणार?” बसाम म्हणायचा, “आमचे दोन गट एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि शेजारचे राजे आमचं नाव घेऊन आपापल्या गाद्या सांभाळतात.”

बाबा म्हणाले, “टेबलावर कोनी मरत नाही. मानूस मरतो गेटवर. आपल्याच गेटवर.” हे मी दोघांना इंग्लिशमध्ये सांगितलं.

मग बाबांनी अट घातली. तुमच्या बाजूच्या कोणी हात उचलला, तर त्याचं नाव तुम्हीच घ्यायचं. सख्खा असला तरी. कबूल असेल तरच सही करा.

दोघांनी सही केली आणि मार सुरू झाला. बसामला वाणसामानाच्या दुकानाबाहेर तिघांनी गाठलं, गद्दार म्हणत बरगड्या फुटेपर्यंत लाथा घातल्या. त्यातला एक त्याच्या बायकोचा भाऊ होता. बसामने नाव सांगितलं. बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. एलादच्या दुकानात कोणीतरी हातोडा घेऊन शिरलं, सायकलींचा चुराडा केला, आडवा आलेल्या एलादचं मनगट मोडलं. सैन्यात बरोबर असलेला त्याचाच दोस्त. एलादनेही नाव सांगितलं. बाबा दोघांना हॉस्पिटलमध्ये भेटून आले. मला त्यांचा अभिमान वाटत होता, हे नाकारत नाही. आग शेजारच्या घरात होती ना तोवर.

माझी लेक केया कॉलेजात आहे, शनिवार-रविवार घरी येते. तिच्या रूममेटचं गाझातलं अख्खं घर संपलं. केयाचा राग खोटा नव्हता. “आबा, मारणारा आणि मरणारा सेम कसे? यू आर सेलिंग देम आउट!” ती ओरडायची. बाबा म्हणायचे, “पोट्टी खरं बोलते. पन तह मेलेल्यांसाठी नसतो, उरलेल्यांसाठी असतो.” ती दार आपटून जायची.

त्या रविवारी तळ्याकाठच्या पार्कात ठराव वाचायचा होता. दोन्हीकडचे झेंडे, भोंगे, शिव्या. त्या गर्दीत कुठेतरी केयाही होती. बाबांनी एलाद आणि बसामला पाठीला पाठ लावून उभं केलं, प्रत्येकाचं तोंड आपापल्या माणसांकडे. एलादने वाचायला तोंड उघडलं आणि बाजूने एक स्टीलची बाटली भिरभिरत आली. भुवई फाटली, तो पायरीवर तोंडावर आपटला, दात ओठातून बाहेर आला. क्षणात त्याची माणसं बसामवर तुटून पडली. “यांनीच मारलं!” झेंड्याच्या काठीने हाणलं, त्याच फुटलेल्या बरगड्यांवर बूट. बसाम गुरासारखा ओरडत होता. पोलिसांनी ओढून ओढून माणसं वेगळी केली.

गवतात पडलेली निळी बाटली मी ओळखली. सकाळी मीच भरून दिली होती.

“बाटली कोणी फेकली? कोणी पाहिलं?” ऑफिसरने विचारलं. झेंडेवाले बसामच्या लोकांकडे बोट दाखवत पुन्हा पुढे सरकायला लागले. बाबांचा एक डोळा केयावर होता. मी त्यांची बाही धरली.

“बाबा, नको. तिचं आयुष्य बरबाद होईल. तुमच्या पाया पडते.”

“सोड, उपासना,” ते म्हणाले आणि पुढे झाले. “ऑफिसर. माय ग्रँडडॉटर. शी थ्रो. आय सॉ.”

पुढे सरकणारी गर्दी थांबली. केयाने आबांकडे असं पाहिलं, की जणू ती पाच वर्षांची आहे आणि त्यांनी भर बाजारात तिचा हात सोडलाय. तिने नाही म्हटलं नाही. ऑफिसर तिला वळवून बेड्या घालायला लागला, आणि मी बाबांच्या कानाखाली मारली. सगळा जोर लावून मारली. चष्मा उडाला, ओठ फुटला, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यावर बसला. मी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बरगड्या धरून बसाम मध्ये आला. मला आजही पस्तावा होत नाही. सांगायचं तर खरंच सांगायचं.

दुसरा पोलीस धावत आला. त्याने काही पाहिलं नव्हतं. “सर, तुम्हाला कोणी मारलं?”

बाबांनी चष्मा चाचपून शोधला, शर्टाला पुसला, डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं, म्हणूनच माझा जळफळाट होतो.

“माय डॉटर,” ते म्हणाले. “शी हिट.”