वरवंट्याची गोळाफेक

“सब ठीक?” आमचे फौजी रस्त्यात भेटेल त्याला विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत सायकलवरून पाय टेकून उभे राहायचे. नुसतं ‘हो’ म्हणून सुटका नव्हती. आईचे गुडघे, म्हशीचं दूध, थोरल्याची सोयरीक, सगळं सांगावं लागायचं. धामणगाव बढ्यात त्यांच्या घरासमोर माझी पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की मला ओरडून बोलावं लागतं. माझ्या घरच्या भानगडी गावभर झाल्या त्या अशा.

तुम्हीही निवृत्त जवान पाहिले असतील. हे परत आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता सीमेवरच्या गोष्टी ऐकायला मिळतील. त्यांनी एकही सांगितली नाही. फार विचारलं तर म्हणायचे, “थंडी लई होती.” आणि आल्या आल्या शाळेमागच्या पडीक जागेत पोलीस भरतीसाठी मुलींना पळवायला लागले.

गोळाफेकीला गोळा नव्हता, तर यांनी घरातला वरवंटाच उचलला. गोळा गोल असतो आणि वरवंटा लांबट, हे त्यांना सांगायची कोणाची छाती? मुली वरवंटा फेकत राहिल्या. त्यांची बायको, आमच्या काकू, अर्धीकच्ची चटणी ताटात वाढून म्हणायच्या, “खा आता. वरवंटा ड्युटीवर गेला.” शेवटी मीच मलकापूरहून गोळा आणून दिला.

सगळ्यांत चपळ होती रुबिना, आमच्या शकूर टेलरची मुलगी. एक दिवस ती यायची थांबली. ट्रॅकपँट घालून पोरगी रस्त्यानं पळते म्हणून लोक बोलायला लागले होते आणि शकूरभाईंनी तिला घरी बसवलं होतं. फौजी त्यांच्या दुकानात गेले. आता आवाज चढणार म्हणून मीही मागोमाग गेलो. फौजींनी निवांत चहा घेतला आणि म्हणाले, “मंग तूच शिव ना बे, शकूर. तुले पटन तेवढी ढिली शिव. फकत पोरीले पळू दे.”

शकूरभाईंनी कापड पुढे ओढलं. त्याच आठवड्यात रुबिना मैदानावर आली, ढगळ पँट आणि गुडघ्यापर्यंतचा सदरा घालून. मग बाकीच्या मुलींचे कपडेही तिथेच शिवायला पडले. भांडायचं नाही, समोरच्याला कामाला लावायचं, ही फौजींची रीत. मला हा माणूस फार आवडायचा.

रुबिनाचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, बुलढाण्याला होतं; ते निघालं तरच पुढे लेखी परीक्षा. त्याच पहाटे फौजी झोपेतच गेले. ती येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि उठेचना. मी जाणारच नाही म्हणाली. काकूंनी डोळे पुसले आणि तिला दंडाला धरून उभं केलं.

“तू जाय. आमी थांबवून ठेवतो त्याईले.”

मीच तिला मोटरसायकलवर घेऊन गेलो. पळताना ती रडत होती आणि तरी सगळ्यांच्या पुढे होती.

आम्ही परतलो तेव्हा ऊन चढलं होतं. फौजींना निजवलेली ताटी अजून अंगणातच होती. नातेवाईक कुरकुरत होते, पण काकू कोणाचं ऐकत नव्हत्या. रुबिना धावतच आत शिरली. छातीवरचा नंबरही काढायचा राहिला होता.

“मले नको सांगू,” काकू म्हणाल्या. “त्याईले सांग.”

ती वाकली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “काका, निघालं ग्राउंड.”

मग काकूंनी ताटी उचलायला सांगितली.