मामांचं शहाजिरं

देवाने माणसाला पोट दिलं ते केवळ शहाजिऱ्याला काम मिळावं म्हणून, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत आहे. डहाणूच्या कचेरीतून ते निवृत्त झाले आणि अख्ख्या गावाच्या पोटांचा कारभार त्यांनी आपणहून अंगावर घेतला. करपट ढेकर, मुरडा, उचकी, शेजाऱ्यांचा रुसवा, सगळ्यावर एकच उतारा. "शहाण्यानं खावं आणि गॅसची जिरवावी, म्हणून शहाजिरं!" ही व्युत्पत्ती ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नाही. खिशात शहाजिऱ्याच्या तेलाची बाटली असतेच. कासा गावाहून येताना जीपमध्ये कैनाड गावच्या एकाला मळमळायला लागलं, तर मामांनी त्याच्या रुमालावर अर्धी बाटली ओतली. त्या उग्र दर्पाने तो बिचारा वाटेतच उतरला आणि पायी निघाला. "बघा, कसा चालायला लागला!" मामा म्हणाले. या सुगंधावर तासभर बोलणाऱ्या मामांच्या स्वतःच्या नाकाला तपकिरीमुळे कसलाच वास येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग मामींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं पोट फुगू लागलं. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. पण जन्मात चहाचं आधण न ठेवलेले मामा रोज सकाळी उठून त्यांच्यासाठी काढा उकळू लागले. आम्ही राहायला गेलो तेव्हा मी त्यातला घोटभर घेतला आणि मला ब्रह्मांड आठवलं. शहाजिरं इतकं कडू?

"तलासरीहून आणलंय, अस्सल!" मामा म्हणाले. "दुकानदाराला त्याच्याच भाषेत सांगितलं, काळीजीरी आपो!"

शहाजिऱ्याला काळं जिरं म्हणतात खरं, पण गुजरातीत काळीजीरी म्हणजे कडू जिरं, अगदी वेगळी वस्तू. मामांनी मागितलं तेच दुकानदाराने दिलं होतं. मी बोलणार तोच मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मला पहिल्या घोटातच कळलं हो, जावईबापू. पण सांगू नका त्यांना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी शेगडीपाशी उभे राहतायत. चूक कळली तर लाजेनं परत यायचे नाहीत इकडे."

मी बाजारातून खरं शहाजिरं आणून गुपचूप बरणीत बदललं. दुसऱ्या दिवशी मामींनी पेला सहज रिकामा केला. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले.

"आज तोंड वाकडं नाही केलंस? औषधाचा गुण गेला वाटतं."

मामींनी लगेच डोळे मिटून असं काही तोंड वाकडं केलं, की मामा निश्चिंत मनाने पातेलं विसळायला वळले. मला दोघांचंही हसू आलं. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.