लोव्रोचं बिट

बोल्डर गावच्या सोन्याच्या खाणीत लोव्रोने धार लावलेलं बिट तुटत नाही, अशी ख्याती होती. बिट म्हणजे खडक फोडणाऱ्या ड्रिलचं पुढचं डोकं, त्यात बसवलेलं टंगस्टन कार्बाइडचं टोक. पोलादावर ओरखडा काढील असं कठीण, पण लाडावलेल्या पोरासारखं नाजूक. धारेसाठी ग्राइंडरच्या चाकावर घासताना तापलं आणि त्यावर थेंबथेंब पाणी पडलं, की तडकलंच.

आणि लोव्रोच्या नळाला थेंबथेंबच पाणी. टोक सारखं गार राहावं, धूळही बसावी म्हणून जाड नळ मागितला की फोरमन म्हणे, "पुढच्या महिन्यात बघू." तो महिना काही उजाडला नाही. मग लोव्रोने सरळ नळच बंद केला आणि कोरडंच घासायला लागला. टोकं शाबूत राहिली. करडी धूळ मात्र त्याच्या नाकातोंडात जात राहिली. अशा हुशारीचा मला राग येतो, पण त्याला तिचा अभिमान होता.

"नळ सोड रे बाबा," बायको यान्या म्हणायची. "रात्रभर खोकतोस."

"आणि भोकात टोक तुटलं तर? खाली खडकात ड्रिल चालवणारा पास्को मला शिव्या घालेल."

"घालू दे की! शिव्यांनी कुणी मरत नाही."

पुढे लोव्रोला दारापर्यंत चालवेना. पास्को, त्याचा खाणीतला जुना दोस्त, बिअर घेऊन आला आणि प्रेमाने म्हणाला, "तू काम सोडल्यापासून रोज टोकं तुटतायत, लेका." लोव्रोचा चेहरा उजळला. "माझे बूट आण गं," तो यान्याला म्हणाला. बूट घालता घालताच त्याला धाप लागली. त्या हिवाळ्यात तो गेला.

यान्या त्याचा कोट आणायला खाणीच्या शेडमध्ये गेली. ग्राइंडरवर आता पास्कोच बसला होता. नळ बंद. चाकाभोवती करडी धूळ. तो खोकला, आणि तो खोकला तिने ओळखला.

तिने नळ पूर्ण उघडला. थेंब तापल्या टोकावर पडले.

"वहिनी, अहो, तडकेल ते!"

"तडकू दे," यान्या म्हणाली, आणि टोक तडकेपर्यंत नळावरचा हात तिने काढला नाही.